मुसलमानांना नेमकं काय विचारायचं?

२०२५च्या जूनमध्ये झोहरान ममदानी यांनी न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक जिंकली. पाचच दिवसांनी, २९ जूनला, एनबीसीच्या 'मीट द प्रेस'मध्ये त्यांना विचारलं गेलं की 'ग्लोबलाइज द इंतिफादा', म्हणजे पॅलेस्टिनींचा इस्रायलविरोधी उठाव जगभर न्या, या घोषणेचा तुम्ही निषेध करता का? ही भाषा मी वापरत नाही, असं त्यांनी सांगितलं. प्रश्न पुन्हा आला, उत्तर तेच मिळालं, आणि प्रश्न पुन्हा आला. नोव्हेंबरमध्ये ते निवडून आले तरी या प्रश्नाने त्यांची पाठ सोडली नाही. अमेरिकी माध्यमांत मुस्लिम आवाजाचं स्थान काय, हा जुना वाद त्यातून नव्याने पेटला आणि दोन्ही बाजूंनी भलत्याच मुद्द्यावर लढला जातो आहे. एक बाजू म्हणते, मुसलमान महापौर झाला, वाहिन्यांवर मुस्लिम निवेदक दिसतात, आता तक्रार कसली? दुसरी बाजू डोकी मोजते. त्या मोजणीत तथ्य नाही असं नाही. २०१७च्या जानेवारीत ट्रम्प यांनी सात मुस्लिमबहुल देशांतल्या लोकांवर प्रवेशबंदी घातली, तेव्हा केबल वाहिन्यांवर त्या विषयावर बोलायला आलेल्या १७६ पाहुण्यांपैकी मुस्लिम ८ टक्क्यांहूनही कमी होते. ज्यांच्यावर निर्णय कोसळला तेच चर्चेत नाहीत, हे अन्यायाचंच आहे.

पण समजा, ते प्रमाण ५० टक्के असतं, तर काय बदललं असतं? त्या ८८ जणांना पुन्हा 'इस्लाम हिंसक आहे का?' हेच विचारलं गेलं असतं. म्हणून माझं म्हणणं असं आहे की स्टुडिओत 'मुस्लिम प्रतिनिधी' नावाची जी खुर्ची मांडली जाते, ती वाढवायची नाही, काढून टाकायची. माणसाला त्याने काय केलं आणि त्याला काय ठाऊक आहे यासाठी बोलवावं. तो कोणाच्या घरात जन्मला यासाठी नाही. हा नियम इस्लामच्या समर्थकांना लागू व्हावा, टीकाकारांनाही व्हावा आणि ज्यांनी धर्म सोडला त्यांनाही.

केबल वाहिनीवरची चर्चा कशी जुळवली जाते हे पाहिलं की बिघाड कुठे आहे ते कळतं. सकाळच्या बैठकीत विषय ठरतो. पाहुणे मिळवण्याचं काम ज्याच्याकडे असतं तो निर्माता संभाव्य पाहुण्यांशी फोनवर थोडा वेळ बोलतो. या बोलण्यात माहिती घेतली जाते, पण त्याहून जास्त जोखलं जातं ते हे की हा माणूस कोणती बाजू घेईल, किती ठासून बोलेल. 'देशादेशांत फरक आहे' असं सांगणारा तिथेच मागे पडतो. पाहुणा पुष्कळदा दुसऱ्याच शहरातल्या एका लहानशा खोलीत कॅमेऱ्याच्या भिंगाकडे बघत बसलेला असतो. कानातल्या यंत्रातून निवेदकाचा आवाज क्षणभर उशिरा पोचतो, म्हणून दोघे एकमेकांवर बोलतात आणि पाहुणा उद्धट वाटतो. समोर पडदा असेलच असं नाही. आपल्या चेहऱ्याखाली कोणती पट्टी लावली आहे हे त्याला कळतही नाही. सगळा मामला पाचसहा मिनिटांचा. निवेदक आणि दुसरा पाहुणा यांचा वेळ वजा केला की हातात दीड-दोन मिनिटं उरतात. आता २९ सप्टेंबर २०१४ची सीएनएनवरची रझा अस्लान या मुस्लिम लेखक-अभ्यासकाची मुलाखत आठवा. पडद्यावरचा प्रश्न होता, इस्लाम हिंसेला उत्तेजन देतो का? चौदा शतकांचा इतिहास आणि दीड अब्जाहून अधिक माणसं, एवढा त्या वाक्याचा कर्ता. दीड मिनिटात याला 'हो' म्हणणारा खोटं बोलेल, 'नाही' म्हणणाराही खोटं बोलेल, आणि 'प्रश्नच नीट नाही' म्हणणारा टाळाटाळ करतो आहे असं प्रेक्षकाला वाटेल.

चारच दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, विनोदवीर बिल मार यांच्या टीव्ही कार्यक्रमात नास्तिक लेखक सॅम हॅरिस यांनी इस्लामला वाईट कल्पनांची खाण म्हटलं आणि अभिनेते बेन ॲफ्लेक त्यांच्यावर उखडले. ही चित्रफीत आजही आपल्याकडच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरते, प्रत्येक जण आपापल्या सोयीची दहा सेकंदं कापून पुढे पाठवतो. त्या टेबलाभोवती पाच पुरुष होते आणि त्यांत एकही मुसलमान नव्हता. अर्थात तिथे आणखी एक अस्लान बसवले असते तर चर्चा सुधारली असती का? मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण विरोधकांच्या सर्वांत बळकट मुद्द्यात आहे.

तो मुद्दा असा की मुस्लिम प्रवक्ते बचाव करता करता चुकीचं बोलतात. हे खरं आहे आणि ते आडपडदा न ठेवता मान्य करायला हवं. सीएनएनच्या त्याच मुलाखतीत अस्लान यांनी सांगितलं की मुलींचं गुप्तांग कापण्याची प्रथा हा मध्य आफ्रिकेचा प्रश्न आहे, मुसलमानांचा नव्हे. इथिओपियातल्या ख्रिश्चनांतही ही प्रथा आहे, तिला इस्लामी म्हणून मोकळं होता येत नाही, इतपत ते बरोबर होते. पण इंडोनेशिया, मलेशिया, येमेन, इराकी कुर्दिस्तान इथेही ती आहे. इंडोनेशियाची आकडेवारी युनिसेफने २०१६मध्ये प्रथमच मोजणीत घेतली, आणि ही प्रथा सोसलेल्या मुली-स्त्रियांचा जगातला एकूण आकडा २० कोटींवर गेला. अस्लान यांची चूक धर्म सोडलेल्या काही अमेरिकी मुस्लिमांनी लगेच दाखवून दिली. त्यांनी ती दाखवली हे चांगलंच झालं.

पण या वादात दोन्हीकडच्या कोणाच्याही तोंडी न आलेली एक गोष्ट आहे, आणि तिचं एक टोक मुंबईत आहे. दाऊदी बोहरा समाजात सातेक वर्षांच्या मुलींची खतना करण्याची चाल आहे. २०१५मध्ये मुंबईत 'सहियो' ही संस्था सुरू झाली. ती उभारणाऱ्यांत बोहरा स्त्रिया होत्या आणि त्यांतल्या काहींचं काम अमेरिकेत होतं. त्यांनी भारत, अमेरिका आणि इतर देशांतल्या ३८५ बोहरा स्त्रियांकडून ऑनलाइन प्रश्नावली भरून घेतली. त्यांतल्या ८० टक्के स्त्रियांनी आपली खतना झाल्याचं सांगितलं. हा नमुना स्वेच्छेने पुढे आलेल्यांचा होता, त्यामुळे तो सगळ्या समाजाला जसाच्या तसा लावता येत नाही. पण गोष्ट अस्तित्वात आहे हे त्याने निर्विवाद झालं. एप्रिल २०१७मध्ये मिशिगन राज्यात डेट्रॉइटजवळ याच समाजातल्या एका डॉक्टरला दवाखान्यात मुलींची खतना केल्याच्या आरोपावरून अटक झाली. ही प्रथा गुन्हा ठरवणाऱ्या १९९६च्या संघराज्य कायद्याखाली चालवलेला अमेरिकेतला हा पहिला खटला. नोव्हेंबर २०१८मध्ये न्यायाधीशांनी तो कायदाच घटनाबाह्य ठरवला. का? प्रथा योग्य आहे म्हणून नव्हे. आंतरराज्य व्यापारावर नियंत्रण ठेवण्याच्या अधिकारात हा विषय बसत नाही, स्थानिक गुन्हा हा राज्यांचा विषय आहे, म्हणून. पुढे काँग्रेसने व्यापाराशी असलेला दुवा स्पष्ट लिहून कायदा दुरुस्त केला आणि तो जानेवारी २०२१मध्ये अमलात आला.

आता मला सांगा, या विषयावर 'मुस्लिम आवाज' कोण? आफ्रिकेकडे बोट दाखवणारे अस्लान? धर्मच मुळात वाईट म्हणणारे हॅरिस? की आपल्याच आज्यांनी आणि आयांनी आपल्याला कोणत्या खोलीत नेलं, काय सांगून नेलं, हे नाव लावून लिहिणाऱ्या बोहरा स्त्रिया? त्यांतल्या अनेकींनी धर्म सोडलेला नाही. पहिल्या गटाला त्या अडचणीच्या, कारण त्या प्रथा आपल्या घरातली आहे असं म्हणतात. दुसऱ्यालाही अडचणीच्या, कारण त्या श्रद्धा ठेवूनच प्रथेशी लढतात. 'इस्लाम हिंसेला उत्तेजन देतो का?' या पट्टीखाली त्यांना जागाच नाही. 'मिशिगनमधल्या दवाखान्यात काय घडलं आणि कायदा कुठे अपुरा पडला?' असा प्रश्न लिहिला की अस्लान आणि हॅरिस आपोआप बाजूला होतात.

दुसरा नेहमीचा आक्षेप असतो की मुसलमान दहशतवादाचा निषेधच करत नाहीत. हा आक्षेप मात्र अजिबात टिकत नाही. लंडनच्या बॉम्बस्फोटांनंतर २८ जुलै २००५ला उत्तर अमेरिकेच्या फिक्ह कौन्सिलने, म्हणजे इस्लामी कायद्याच्या जाणकारांच्या मंडळाने, दहशतवादाविरुद्ध फतवा काढला. सप्टेंबर २०१४मध्ये, म्हणजे अस्लान यांची ती मुलाखत झाली त्याच आठवड्याच्या आगेमागे, जगभरच्या १२६ मुस्लिम विद्वानांनी आयसिसचा म्होरक्या अल-बगदादीला खुलं पत्र लिहून त्याचे दावे शास्त्राधाराने एकेक करून खोडले, आणि ते पत्र खुद्द वॉशिंग्टनमध्ये पत्रकारांसमोर ठेवलं गेलं. २०१६मध्ये कोलोराडोतल्या एका १९ वर्षांच्या विद्यार्थिनीने अशा निषेधांची यादी जमवायला घेतली, ती ७१२ पानांची झाली. आयसिसने त्याच वर्षी आपल्या मासिकात हमजा युसूफ, सुहैब वेब यांच्यासारख्या अमेरिकी इमामांना ठार मारा असं छापलं. मारेकऱ्यांना जो निषेध नीट ऐकू गेला तो संपादकांना कसा गेला नाही? कारण निषेध ही बातमी होत नाही. तिच्यात घटना नाही, चित्र नाही, विरोधी पाहुणा नाही. आणि निषेध मागणाऱ्याला उत्तर नको असतं, मागण्याचा हक्क हवा असतो. पॅरिसमधल्या 'शार्ली एब्दो' या व्यंगसाप्ताहिकाच्या कचेरीतल्या हत्याकांडानंतर जानेवारी २०१५मध्ये सीएनएनच्या निवेदकाने अर्सलान इफ्तिखार या मानवाधिकार वकिलाला, जे त्या हत्यांचा निषेधच करत होते, समोरासमोर विचारलं, तुमचा आयसिसला पाठिंबा आहे का?

ही अट उजवीकडचेच घालतात असं समजू नये. २०१६च्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात बिल क्लिंटन म्हणाले की तुम्ही मुसलमान असाल, अमेरिकेवर आणि स्वातंत्र्यावर प्रेम करत असाल आणि दहशतीचा तिरस्कार करत असाल, तर इथेच राहा आणि आम्हाला जिंकायला मदत करा. त्या 'तर'मध्ये सगळं आलं. इटालियन वंशाच्या नागरिकाला कोणी म्हणतं का, की माफियाचा तिरस्कार करत असशील तर राहा? त्याच वर्षी ऑक्टोबरच्या वादफेरीत एका मुस्लिम मतदार स्त्रीने आपल्यावरच्या द्वेषाचं काय, असं विचारलं. ट्रम्प म्हणाले, मुसलमानांनी डोळ्यांसमोर दिसेल ते पोलिसांना कळवावं. हिलरी क्लिंटन म्हणाल्या, मुसलमानांनी आमचे डोळे आणि कान व्हावं. प्रश्न होता संरक्षणाचा, दोघांनी दिलं ते काम खबऱ्याचं. महमूद ममदानी, म्हणजे झोहरान यांचे मुंबईत जन्मलेले वडील, यांनी ११ सप्टेंबरनंतर लगेचच 'चांगला मुसलमान, वाईट मुसलमान' या वाटणीचं विश्लेषण केलं होतं: राजकारणातून उपजलेल्या गोष्टीला संस्कृतीचं नाव द्यायचं आणि मग प्रत्येकाला आपण चांगल्या खान्यातले असल्याचं सिद्ध करायला लावायचं. दोन दशकांहून अधिक काळाने त्यांच्या मुलाला त्याच रांगेत उभं केलं गेलं.

इथे कोणी म्हणेल, मग टीका करायचीच नाही का? जे मुस्लिम किंवा माजी मुस्लिम आतून टीका करतात त्यांना 'इस्लामद्वेष्टे' ठरवून गप्प केलं जातं त्याचं काय? हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. सदर्न पॉव्हर्टी लॉ सेंटर या नावाजलेल्या संस्थेने २०१६मध्ये मुस्लिमविरोधी अतिरेक्यांची यादी काढली आणि तीत माजिद नवाझ यांना घातलं, जे स्वतः मुस्लिम होते आणि अतिरेकी संघटनेतून बाहेर पडून तिच्याविरुद्ध काम करत होते. २०१८मध्ये संस्थेला माफी मागून ३३ लाख ७५ हजार डॉलर द्यावे लागले. सोमालियात जन्मलेल्या आणि इस्लाम सोडलेल्या लेखिका अयान हिरसी अली यांचंही नाव त्या यादीत होतं. ज्यांच्या सहकाऱ्याचा, चित्रपट दिग्दर्शक थिओ व्हॅन गॉखचा, २००४मध्ये ॲमस्टरडॅमच्या रस्त्यावर खून झाला आणि ज्यांना स्वतःला पहाऱ्यात जगावं लागलं, त्यांचं नाव अशा यादीत घालणं ही बेजबाबदारी होती. डाव्या-उदारमतवाद्यांनी हे स्वतःशी मान्य केल्याशिवाय त्यांच्या बाकीच्या बोलण्याला वजन येणार नाही.

मात्र टीकेचा हक्क मान्य करणं वेगळं आणि टीकाकाराला सगळ्या मुसलमानांचा खरा प्रतिनिधी म्हणून समोर आणणं वेगळं. हिरसी अली यांचं सोमालियातलं आणि नेदरलँड्समधलं आयुष्य ही त्यांची साक्ष आहे. मिशिगनमधल्या, मोठी मुस्लिम वस्ती असलेल्या डिअरबॉर्नच्या किराणा दुकानदाराबद्दल त्यांना विशेष ठाऊक असण्याचं कारण नाही. मराठी वाचकाला हा फरक समजावा लागू नये. हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ला मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा काढला तेव्हा हातात मागणी होती: तोंडी तलाक बंद करा, बहुपत्नीत्व बंद करा. कोणाकडे मागायचं ते ठरलेलं होतं, मान्य झाली की नाही ते तपासता येणार होतं. त्यांच्याशी सहमत व्हा किंवा होऊ नका, ते काय म्हणतात यावर वाद घालता येत होता. जन्माने मुंबईच्याच असलेल्या अमेरिकी पत्रकार असरा नोमानी यांनी वेस्ट व्हर्जिनियातल्या मॉर्गनटाऊनच्या मशिदीत स्त्रियांनी मुख्य दाराने आत जावं आणि मुख्य दालनात नमाज पढावी यासाठी जो लढा दिला, तो या जातीचा होता. दार कोणतं, दालन कोणतं, सगळं नेमकं. २०१६मध्ये ट्रम्प यांना मत दिल्याचं त्यांनी जाहीर केल्यावर वाहिन्यांनी त्यांना 'ट्रम्पला मत देणारी मुस्लिम स्त्री' म्हणून बोलावलं. मशिदीचं दार मागे पडलं.

अमेरिकेने हा प्रकार पूर्वी एकदा केला आहे. १९२७मध्ये न्यूयॉर्कचे कॅथलिक राज्यपाल अल स्मिथ राष्ट्राध्यक्षपदाचे संभाव्य उमेदवार होते. 'अटलांटिक मंथली'त एका वकिलाने त्यांना खुलं पत्र लिहून पोपच्या आज्ञापत्रांतले उतारे पुढे ठेवले: राज्यघटना मोठी की पोप? स्मिथ यांनी पत्र वाचून सहकाऱ्यांना विचारलं म्हणे, हे आज्ञापत्र म्हणजे काय असतं? किस्सा खरा असो वा नसो, जन्मभर चर्चला जाणाऱ्या माणसाला त्याच्या विरोधकाने शोधून काढलेल्या ग्रंथाचा जाब द्यावा लागतो तो असा. स्मिथ यांनी त्याच मासिकात सविस्तर उत्तर दिलं आणि १९२८मध्ये ते हरले. १२ सप्टेंबर १९६०ला ह्यूस्टनमध्ये प्रोटेस्टंट पाद्र्यांसमोर केनेडी म्हणाले की मी कॅथलिक उमेदवार नाही, मी डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार आहे आणि योगायोगाने कॅथलिक आहे. चर्चच्या वतीने मी बोलत नाही आणि माझ्या वतीने चर्च बोलत नाही.

तेव्हा मुसलमानांनीही एकदाच असं भाषण करून टाकावं, असं सुचवणारे दोन फरक विसरतात. कॅथलिक तेव्हा लोकसंख्येच्या जवळपास पाव होते, त्यांना दुखावणं महाग पडणार होतं. प्यू या अमेरिकी सर्वेक्षण संस्थेच्या २०१७च्या अंदाजानुसार मुसलमान ३४.५ लाख, म्हणजे १.१ टक्के आहेत. आणि कॅथलिकांना निदान एक पोप होता, ज्याच्यापासून वेगळं होता येत होतं. बहुसंख्य मुसलमान सुन्नी. त्यांच्यात असं कोणतंच एकमुखी पीठ नाही. नसलेल्या अधिकाऱ्याशी नातं तोडून कसं दाखवायचं? प्यूच्याच पाहणीत या समाजात कोणत्याही एका वंशाचं बहुमत नव्हतं. सुमारे पाचवा हिस्सा कृष्णवर्णीयांचा, ज्यांतल्या अनेकांचं घराणं अमेरिकेत कित्येक पिढ्यांचं. स्थलांतराच्या चष्म्यातून चालणाऱ्या चर्चेत हा पाचवा हिस्सा जवळपास दिसतच नाही. खरं तर अमेरिकेच्या इतिहासातला सर्वांत ओळखीचा मुस्लिम आवाज याच समाजातला. कॅशियस क्ले १९६४मध्ये मुहम्मद अली झाला आणि 'न्यूयॉर्क टाइम्स'सह मोठी वर्तमानपत्रं पुढे कित्येक वर्षं त्याला जुन्याच नावाने छापत राहिली. व्हिएतनाम युद्धाला नकार दिल्याचा त्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात १९७१मध्ये ८ विरुद्ध ० मतांनी जिंकला गेला, तोही 'क्ले' याच नावाने नोंदलेला आहे.

मग योग्य रीत दिसते तरी कशी? फरीद झकारिया यांच्याकडे पाहा. महाराष्ट्रात मंत्री राहिलेले आणि इस्लामचे अभ्यासक असलेले रफिक झकारिया यांचे ते चिरंजीव, जन्म मुंबईचा. २००८पासून सीएनएनवर त्यांचा परराष्ट्र धोरणावरचा कार्यक्रम चालतो, कारण त्यांचा अभ्यास त्या विषयाचा आहे. डिसेंबर २०१५मध्ये मुस्लिमांना देशात प्रवेशच नको असं ट्रम्प म्हणाले, तेव्हा झकारियांनी लिहिलं की मी मुसलमान आहे, पण या मतांचा मला उबग येतो तो मी अमेरिकन आहे म्हणून. एरवी त्यांच्या कार्यक्रमात त्यांच्या धर्माचा प्रश्न येत नाही. चीनच्या कर्जाबद्दल ते चुकले तर चीनच्या कर्जाबद्दल चुकतात.

न्यूयॉर्कच्या उमेदवाराला त्या घोषणेबद्दल विचारूच नये, असं मी म्हणत नाही. शहरात सुमारे दहा लाख ज्यू राहतात, त्यांची भीती खरी आहे, आणि महापौर त्यांचं रक्षण कसं करणार हे विचारणं पत्रकाराचं कामच आहे. पोलीस बंदोबस्त किती ठेवणार, द्वेषमूलक गुन्ह्यांच्या प्रतिबंधावर किती खर्च करणार, सिनेगॉगबाहेरची निदर्शनं कशी हाताळणार, असे प्रश्न ममदानींना हवे तितके विचारावेत. त्याला उत्तरं मिळाली असती, आणि ती वर्षभराने तपासता आली असती. न वापरलेल्या शब्दाचा निषेध केला काय, न केला काय, तपासायचं काय?

याच्या उलट उदाहरणही २०२५चंच आहे. मिशिगनमधल्या हॅमट्रॅमॅक या गावाने २०२१मध्ये सर्व मुस्लिम सदस्य असलेली नगर परिषद आणि मुस्लिम महापौर निवडून दिले. जून २०२३मध्ये त्या परिषदेने सार्वजनिक जागांवर समलिंगी चळवळीचा झेंडा लावायला बंदी केली, तेव्हा त्यांच्या निवडीचं कौतुक करणारे उदारमतवादी दुखावले. २०२४मध्ये महापौर अमेर गालिब यांनी ट्रम्प यांना पाठिंबा दिला आणि नंतर ट्रम्प यांनी त्यांना कुवेतमधले राजदूत म्हणून सुचवलं. ऑक्टोबर २०२५मध्ये सिनेटच्या समितीपुढे त्यांची सुनावणी झाली. ज्यूविरोधी मजकुरांना त्यांच्या स्वतःच्या खात्यावरून दिलेली पसंती, त्यांची स्वतःची जुनी विधानं, हे त्यांच्यासमोर ठेवलं गेलं आणि दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी त्यांना धारेवर धरलं. त्यांच्यावरचे प्रश्न कठोर होते, ममदानींना विचारलेल्या प्रश्नाहून कितीतरी कठोर. पण प्रत्येकाचं उत्तर देणं गालिब यांच्या हातात होतं, कारण प्रत्येक प्रश्न त्यांच्याच कृतीबद्दल होता.